तबामायचं पाठांतर

“रिबके, रविवारी तुझे चाळीस भरत्यात. शनिवारी डोकं धुऊन घे. म्या न्यायला येते.”

तबामाय उंबऱ्याबाहेर उभी राहून हे बोलली, तेव्हा मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि सासूबाई अंगणात बाजरी पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. आमच्या सासूबाई पाखडताना मध्येच कधी थांबत नसत. दारात साप निघाला असता तरी त्यांनी आधी सूप रिकामं केलं असतं.

“कुठं न्यायला?” त्यांनी विचारलं.

“देवळात. बाळंतिणीला आनखी कुठं नेते म्या?”

“वय झालं तुझं, तबामाय. बाळंतीण म्हनतीस, मग बाळ कुठाय?”

“बाळ न्हाई ते मला नको सांगू. माझ्याच हातावर आलं ते.” तबामायचा आवाज जरा खाली आला. “पर बाळंतीण हाय ना?”

ही गोष्ट बासष्ट सालची. तेव्हा मी वीस वर्षांची होते, आज ऐंशी ओलांडली. मोहरवाडी म्हणजे नगरहून एसटीनं दीड तास आणि फाट्यापासून पायी दोन कोस. वस्तीत ख्रिस्ती घरं तेवीस, आणि त्या तेवीस घरांच्या मधोमध गोऱ्या पाद्र्यांनी बांधलेलं संत तोमाचं देऊळ. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आत बारा बाकं. घरांत खायची मारामार असली तरी देवळाची शिस्त कधी ढळली नाही. वेदीवरचा कपडा दर शनिवारी धुतला जायचा. उपवासकाळ आला की जांभळा, सणाला पांढरा, एरवी हिरवा. आमच्या बायकांना महिने मोजता यायचे नाहीत, पण कपड्याचा रंग बघून त्या अचूक सांगायच्या की ईस्टरला किती दिवस उरले.

पाळकांकडे अकरा गावं होती, म्हणून ते महिन्यातून एकदाच यायचे. त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. बाकीचे रविवार शाळेचे लोंढे मास्तर उपासना चालवायचे. मास्तरांना सगळं वाचायची मुभा होती, फक्त पापांची क्षमा जाहीर करायचा अधिकार नव्हता, कारण ते काम दीक्षा घेतलेल्या पाळकाचं. ती जागा आली की मास्तर घसा साफ करत, पान उलटत आणि पुढची प्रार्थना धरत. तीस वर्षांत ते एकदाही त्या ओळीवर घसरले नाहीत. अशी ती माणसं होती.

तबामायचं खरं नाव तबिथाबाई उमाप. वस्तीची सुईण. अंगठ्याचा ठसा उमटवणारी बाई, अक्षर म्हणजे तिला काळी मुंगी. पण बाळंतिणीला देवळात घ्यायचा मान तिचा. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नसे आणि तिच्या हातचं पाणीसुद्धा कोणी पीत नसे. हे आमच्या आज्या-पणज्या ख्रिस्ती व्हायच्या आधीपासूनचं. पाद्री आले नि गेले, हे मात्र राहिलं. चाळीस भरले की येणाऱ्या पाळकांच्या रविवारी तबामाय तिला घ्यायला यायची. डोक्यावर देवळातला पांढरा फडका घालून पुढच्या बाकावर बसवायची, स्वतः शेजारी बसायची. पाळक तिच्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना म्हणत, मग ती प्रभुभोजन घेई. उपासना सुटली की बायका बाळाला बघायला गर्दी करत, तिच्या घरी जाऊन तिच्या हातचा चहा पीत, आणि झाली ती मोकळी.

आणि जिचं बाळ गेलं तिचं काय? तिचं काही नाही. तिचे चाळीस भरायचे, पण तिला कोणी घ्यायला यायचं नाही. अशी बाई मग कधीतरी गुपचूप मागच्या दारानं येऊन शेवटच्या बाकावर बसायची. तिच्याकडे कोणी वळून बघत नसे, आणि याला आम्ही माया समजत होतो.

माझं मूल तीन दिवस अडलं होतं. नगरच्या इस्पितळात न्यायला गाडी जुंपली तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगा होता. रडलाच नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून त्याच्यासाठी देवळात मयताची घंटा वाजली नाही. माझ्या नवऱ्यानं, शांतवननं, आणि तबामायनं त्याला कबरस्तानाबाहेर, काटेरी कुपाटीच्या कडेला पुरलं. घंटा का वाजली नाही हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि नियम कळल्यावर मनाशी ठरवलं की ज्या घरात माझ्या लेकराला जागा नाही त्या घरात मीही पाऊल टाकणार नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती, मला विचारतंय कोण?

“झाकली मूठ सव्वा लाखाची, तबामाय,” बाहेर सासूबाई म्हणत होत्या. “हात दाखवून अवलक्षन कशाला? दोन महिनं जाऊ दे. मागच्या दारानं जाईल, मागं बसंल. वर्सभरानं कुनाच्या ध्यानात राहत न्हाई.”

“तुला काय ठावं, ध्यानात राहत न्हाई ते?”

सूप पुन्हा सुरू झालं, पण फार जोरात.

तबामाय सरळ आत आली आणि माझ्या पायथ्याशी बसली. तिच्या अंगाला नेहमी एरंडेलाचा वास यायचा. तो आला आणि मला ते तीन दिवस आठवले. मी भिंतीकडेच तोंड ठेवलं.

“ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं. मी येणार नाही.”

“का?”

“कसले उपकार मानू, माय? रिकाम्या ओटीचे?”

मला वाटलं, आता ही मला देवाची इच्छा, धीर, सहनशीलता असलं काही सांगेल. चाळीस दिवस जो येईल तो तेच सांगत होता. तबामायनं नुसते माझे पाय चेपायला घेतले.

“तिसऱ्या दिवशी दुपारी तुझे डोळे फिरले व्हते,” ती म्हणाली. “शांतवनला म्या म्हनलं, बाबा, दोन खड्डे लागतील. त्यो कुदळ घेऊन बाहेर गेला आन् बसून राहिला. एक बी खड्डा खनला न्हाई त्यानं. संध्याकाळपातुर नुसता कुदळीवर हनवटी टेकून बसला.”

हे मला ठाऊक नव्हतं. शांतवन मुळात मुखदुर्बळ माणूस. तो माझ्याशी चाळीस दिवसांत धड चाळीस शब्द बोलला नव्हता, आणि मी त्याचा राग धरून बसले होते.

“तरी मी येणार नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि उठून गेली. तबामायचं ‘बरं’ म्हणजे होकार नव्हे, हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं.

शनिवारी दुपारी पाळक आले. सामुएल देठे, सत्तावीस वर्षांचे, दीक्षा होऊन वर्ष झालं नव्हतं. अंगानं इतके बारीक की गळ्यातली पांढरी पट्टी मानेभोवती सैल फिरायची. रविवारी प्रभुभोजन घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी पाळकांकडे नाव द्यायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत. ते शाळेच्या ओसरीवर बसत, एकेक घर येऊन नावं देई. कोणाचं कोणाशी भांडण असेल तर तिथंच विचारणा होई, आणि मिटवल्याशिवाय नाव लिहिलं जात नसे.

त्या दिवशी नावं झाल्यावर तबामायनं पाळकांना उठवलं आणि सरळ आमच्या अंगणात आणलं. मागून लोंढे मास्तर, काखेत प्रार्थनेचं पुस्तक. मी दाराआड उभी राहून फटीतून बघत होते. सासूबाईंनी घाईघाईनं बाज टाकली. तिच्यावर पाळक बसले, मास्तर उभेच राहिले.

“ही असं म्हणते की उद्या रिबकाबाईंना देवळात घ्यायचं,” मास्तर म्हणाले. “साहेब, मी तीस वर्षं इथं आहे. असं कधी झालेलं नाही. ती उपासना लेकुरवाळीसाठी आहे.”

पाळकांनी चष्मा काढला. चेहऱ्यावरून भला माणूस वाटत होता, पण भल्या माणसांचीच अशा वेळी पंचाईत होते.

“तबिथाबाई, तुमची माया मला कळते,” ते म्हणाले. “मी आत्ता इथं घरात त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. देवळात सगळ्यांसमोर… त्यांनाच किती जड जाईल!”

“घरात नको, साहेब. देवळात.”

“अहो, पण उपकारस्तुती मुलासाठी…”

“कोन म्हनतं?”

“म्हणजे?”

“लेकरासाठी हाय म्हून कोन म्हनतं? मास्तर, उघडा पुस्तक. बोट ठेवा. म्या म्हनते, तुम्ही बघा.”

मग तबामायनं पदर सारखा केला, हात जोडले, डोळे मिटले आणि ती प्रार्थना पहिल्यापासून म्हणायला लागली. तिचा आवाजच बदलला. ‘न्हाई’ गेलं, ‘व्हय’ गेलं, ‘म्हनते’ गेलं. पुस्तकातली सोवळी मराठी जोडाक्षरांसकट तिच्या तोंडातून अशी निघायला लागली की मी फटीतून बघायची सोडून दार उघडून उंबऱ्यापर्यंत आले. पाळकांनी काय म्हणायचं, बाकांवरच्या मंडळीनं काय उत्तर द्यायचं, आमेन कुठे, काही गळलं नाही. मास्तर बोट फिरवत होते. एका जागी ते “चुकलं” म्हणाले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाले, “नाही, बरोबर आहे.”

सगळं म्हणून झालं. तबामायनं डोळे उघडले.

“यात लेकरू कुठं आलं?” तिनं विचारलं.

मास्तरांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. पाळकांनी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचायला लागले. ओठ हलत होते. पहिल्यांदा भराभर, मग सावकाश.

“एकदाही नाही,” ते म्हणाले. “मास्तर, मुलाबद्दल एकही शब्द नाही. बाईला मोठ्या वेदनेतून आणि जिवाच्या धोक्यातून सोडवलं म्हणून आभार आहेत. एवढंच.”

“मी ही प्रार्थना सत्तर वेळा तरी ऐकली असेल,” मास्तर पुटपुटले.

“म्या बी तेवढ्याच बायांजवळ बसले,” तबामाय म्हणाली. “तुम्ही समदे लेकराकडं बघत व्हते. म्या बाईचा हात धरून बसायची, म्हून मला ऐकू आलं.”

“पण स्तोत्रात मुलं आहेत,” मास्तरांनी शेवटचा डाव टाकला. “देवानं दिलेलं धन म्हणून.”

“ते दुसरं स्तोत्र. पुस्तकात दोन दिलीत, कुठलंबी एक म्हना म्हून. आधीच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी एका मळभाच्या दिवशी पयलं म्हनलं व्हतं, म्या ऐकलंय. ते दुखन्यातून उठलेल्या मानसाचं हाय. तुम्ही दुसरं सांगता, कारन ते आखूड हाय.”

पाळकांना हसू आवरलं नाही. मास्तर लाल झाले, पण माणूस सच्चा होता. “खरं आहे,” म्हणाले, “आखूड आहे खरं.”

“साहेब, नगा करू हे,” सासूबाई मध्येच बोलल्या. इतका वेळ त्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, पाचावर धारण बसल्यासारखा. “तुम्ही उद्या सायकलीवर बसून जाल. आमाला इथं ऱ्हायचंय. लोक म्हनतील, लेकरू गेलं न् ह्या आभार मानायला आल्या.”

पाळक उठून माझ्यासमोर आले, उंबऱ्याच्या पलीकडे उभे राहिले.

“रिबकाबाई, तुम्हांला काय वाटतं?”

चाळीस दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारत होतं. त्याची तयारी नसल्यामुळे माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

“मला आभार मानायचे नाहीत. माझ्या लेकराला घंटासुद्धा मिळाली नाही.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पाळकांसमोर असं कोणी बोलत नसे. पण देठे साहेब रागावले नाहीत.

“घंटेचं मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “तो नियम आहे. मी तो मोडू शकत नाही, आणि तो बरोबर आहे असंही तुमच्या तोंडावर मला सांगवत नाही.” मग त्यांनी मागे वळून विचारलं, आणि विचारलं ते मास्तरांना नव्हे, “तबिथाबाई, यात बाईला स्वतःला काही म्हणावं लागतं का?”

“न्हाई. बाईनं निस्ते गुडघे टेकायचे. म्हनायचं समदं तुमी आन् मंडळीनं.”

पाळकांनी पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि मान हलवली.

“मग तुम्ही फक्त या,” ते मला म्हणाले. “आभार तुम्ही मानू नका. ते आमच्यावर सोडा. तुम्ही वाचलात याचा आम्हांला आनंद आहे, तो आम्हांला म्हणू द्या.”

मी हो म्हणाले नाही. पण संध्याकाळी चुलीवर पाणी ठेवलं आणि डोकं धुतलं. सासूबाईंनी बघितलं. त्या रात्री जेवायला बसल्या नाहीत.

सकाळी पहिली घंटा झाली तशी तबामाय आली. सासूबाई आमच्या आधीच निघून गेल्या होत्या, माझ्याशी न बोलता. शांतवन दारात उभा होता, धुतलेला सदरा घालून. आमच्यात नवरा बायकोबरोबर चालत नसे, दहा पावलं पुढे चालायचा. त्या दिवशी तो माझ्या शेजारून चालला. वाटेत एकदा म्हणाला, “दगड आहे, जपून.” तेवढंच बोलला, पण मला ते पुरलं.

मी पुढच्या बाकावर बसले तेव्हा देवळात जी शांतता झाली ती अजून माझ्या पाठीला आठवते. पांढरा फडका डोक्यावर आणि मांडीवर काही नाही. हातांचं काय करायचं तेच कळेना. मागे कोणीतरी कुजबुजलं. तबामायनं मागे वळून फक्त पाहिलं, कुजबुज थांबली. त्या बाकांवरचा निम्मी माणसं तिनं जगात आणली होती, तिच्यापुढे तोंड वर करायची कोणाची टाप?

देठे साहेब पांढऱ्या झग्यात वेदीपुढे आले. त्यांनी आधी मंडळीला दोन शब्द सांगितले. “आपण ही प्रार्थना अनेकदा ऐकली आहे. मी काल ती पहिल्यांदा ऐकली. ती आपल्या तबिथाबाईंकडून ऐकली. आज आपण सगळे नीट ऐकू या.” एवढंच. मग त्यांनी मला खूण केली. मी वेदीच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकले. तबामाय माझ्या उजव्या हाताला.

त्यांनी पहिलं स्तोत्र म्हटलं, लांबलचक, एकही ओळ न गाळता. मग प्रार्थना. मी दात आवळून खालच्या फरशीकडे बघत होते. शब्द कानावर पडत होते, वेदना, धोका, सुटका, आणि मला एकही शब्द माझा वाटत नव्हता. कुठली सुटका? मंडळी आमेन म्हणाली. मी नाही म्हणाले. म्हणायचं नव्हतंच, तसा करारच होता.

तेवढ्यात मागे बाक करकरलं. जोडव्यांचा आवाज आला. तो आवाज मी रोज पहाटे ऐकत होते, न ओळखायला काय झालं? सासूबाई. माझ्या मनात आलं, आता ह्या सगळ्यांदेखत उठून बाहेर चालल्या. मी मान आणखी खाली घातली. पण आवाज दाराकडे गेला नाही. तो पुढे आला, अगदी माझ्याजवळ, आणि माझ्या डाव्या हाताला सासूबाईंनी गुडघे टेकले. गुडघ्यांचा त्रास होता त्यांना. कठड्याला धरून, कण्हत टेकले.

पाळक पुस्तक मिटत होते. ते थांबले.

“शेवंताबाई? काय झालं?”

“माझंबी राहिलंय, साहेब.”

“काय राहिलंय?”

“हेच.” त्या कठड्याकडे बघत बोलत होत्या, पण देऊळ लहान, सगळ्यांना ऐकू गेलं. “शांतवनच्या आधीचं. पोरगी व्हती. मला कुनी आनलं न्हाई. म्या मागच्या दारानं आले.”

“किती दिवस झाले?” हा प्रश्न त्या तरुण माणसाच्या तोंडून सवयीनं निघाला असावा, आदल्या दिवशी नावं लिहिताना भांडणाबद्दल विचारतात तसा.

“एकतीस वर्सं.”

मी शांतवनकडे पाहिलं. तो पुरुषांच्या बाकापाशी उठून उभा राहिला होता, तोंड उघडं. त्यालाही माहीत नव्हतं. त्याला एक बहीण होती, हे त्याला त्या क्षणी कळत होतं.

तबामाय माझ्यामागून वाकली. तिनं माझ्या डोक्यावरचा फडका सरकवला आणि त्याचा अर्धा भाग सासूबाईंच्या डोक्यावर ओढला.

“शेवंते,” ती म्हणाली, “तवा मला पाठ नव्हतं गं.”

सासूबाईंनी मान हलवली. ते त्यांना ठाऊक होतं, किंवा त्यांनी केव्हाच माफ केलं होतं. काय होतं ते मी पुढे कधी विचारलं नाही.

देठे साहेबांनी पुस्तकात पाहिलं. एकतीस वर्षांनी आलेल्या बाईसाठी त्यात काही सोय नसणार. मग त्यांनी तबामायकडे पाहिलं. खरंच सांगते, कॉलेजात शिकलेल्या, बिशपसाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेल्या त्या माणसानं अंगठा उठवणाऱ्या सुईणीकडे परवानगी मागितल्यासारखं पाहिलं. तबामायनं होकार दिला. त्यांनी पान मागे उलटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोघींसाठी मिळून नव्हे. एकट्या शेवंताबाईंसाठी, पुन्हा तेच लांबलचक स्तोत्र, पुन्हा सगळी प्रार्थना, एकही शब्द न गाळता. बाहेर ऊन चढलं होतं, पोरं चुळबुळत होती, पण एक माणूस उठलं नाही.

आणि या वेळी मला ऐकू आलं. माझ्यासाठी वाचलं तेव्हा सगळं खोटं वाटलं होतं. आता मला माझ्याच खोलीत, त्याच भिंतीकडे तोंड करून पडलेली एक वीस-बावीस वर्षांची पोर दिसायला लागली. तिच्या उंबऱ्याशी कोणी आलं नव्हतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती एके दिवशी उठली, मागच्या दारानं आत आली, मागे बसली, आणि घरी जाऊन बाजरी पाखडायला लागली ती एकतीस वर्षं थांबलीच नाही. ती त्या दिवशी मेली असती तर? मेली नाही. वेदनेतून आणि धोक्यातून वाचली. ती वाचली याचं मला बरं वाटलं. आभार मानायचे नाहीत म्हणणाऱ्या मला, मनापासून बरं वाटलं.

प्रार्थना संपली. मंडळीनं तोंड उघडायच्या आधी माझ्या तोंडून आमेन निघालं, इतक्या मोठ्यानं की मास्तरांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

“हळू,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात धरला.